वीस माणसांचं पाणी

आधी कबुली. मी त्या टबात बसले. मे महिन्यात, दापोली तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर, नवऱ्यासोबत, दोन रात्री, बुडबुडे सुरू करून. मजा आली. तेव्हा पुढचं वाचून 'हिला मिळालं नाही म्हणून बोलतेय' असं कुणी म्हणू नये. मिळालं म्हणूनच बोलतेय.

आम्ही डोंबिवलीत राहतो, सासू-सासऱ्यांसोबत, वन बीएचकेमध्ये. हॉलमध्ये ते, बेडरूममध्ये आम्ही आणि मधे एक दार, ज्याची कडी लावली की अख्ख्या घराला कळतं. लग्नाला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत आम्ही भांडणंसुद्धा कुजबुजत केलीत. ज्यांच्याकडे स्वतःची खोली आहे त्यांना 'प्रायव्हेट जकुझी, सी फेसिंग, कपल फ्रेंडली' हे शब्द वाचून हसू येत असेल. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. त्यामुळे किनाऱ्यावर येणाऱ्या जोडप्यांकडे बघून ज्यांची संस्कृती बुडते, त्यांनी हा लेख आपल्या बाजूचा समजून फॉरवर्ड करू नये. दोन माणसांनी दार लावून घेतलं म्हणून कुठल्याही गावाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पाण्याने.

पहिल्या रात्रीनंतर पहाटे साडेपाचला जाग आली म्हणून मी बाहेर आले. कॉटेजची साफसफाई करणाऱ्या काकू समोरच्या पाखाडीवरून उतरत होत्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मी विचारलं, "काकू, इथे तर बोअर आहे ना?"

"तो पावण्यांसाठी हाय, ताई. आमच्या इहिरीचं पानी मचूळ झालंय. प्यायला वरच्या वाडीतनं आनायचं."

एवढं बोलून त्या पुढे गेल्या. तक्रारीचा सूर नव्हता, मला लाजवायचा तर नव्हताच. नऊ वाजता त्याच काकू आमच्या टबाच्या कडा पुसायला आल्या.

टब किती लिटरचा, हे मी नंतर केअरटेकर दादांना विचारलं. अकराशे, ते म्हणाले. आणि अभिमानाने पुढे म्हणाले, "आपण गाळून तेच तेच पाणी फिरवत नाय. प्रत्येक पार्टीला फ्रेश!" म्हणजे आम्ही निघालो की अकराशे लिटर सोडायचं, पुढचं जोडपं यायच्या आत अकराशे भरायचं. सीझनमध्ये आठवड्याला तीन पार्ट्या धरा. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं उद्दिष्ट आहे माणशी रोज 55 लिटर. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, सगळं त्यात. अकराशे भागिले पंचावन्न, वीस. आम्ही दोघं एका वेळी वीस माणसांच्या दिवसभराच्या पाण्यात बसलो होतो.

विजेचंही सांगून टाकते, कारण तो भाग खरं तर विनोदी आहे. मे महिन्यात टाकीतलं पाणीच 30 अंशांच्या आसपास असतं. ते 38 वर न्यायला, मधली गळती न धरता, 10 युनिट लागतात. बाहेर घामाच्या धारा, गरम पाण्यात बसवेना. म्हणून आम्ही खोलीतला एसी सोळावर लावला आणि सरकतं दार उघडं ठेवलं, की गार झोत टबापर्यंत यावा. एका हाताने पाणी तापवायचं, दुसऱ्याने हवा गार करायची. आणि शंभर पावलांवर अरबी समुद्र, आधीच कोमट, फुकट, कुणी न भरलेला.

जकुझी हे मुळात आडनाव आहे. इटलीतून कॅलिफोर्नियाला गेलेले हे भाऊ आधी विमानांचे पंखे बनवायचे, मग शेतीसाठी विहिरीवरचे पंप बनवू लागले. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात होता. हॉस्पिटलात पाण्याच्या उपचाराने त्याला आराम पडायचा, तो घरीही मिळावा म्हणून बापाने टबात सोडायचा पंप तयार केला. चैनीची वस्तू म्हणून सगळं एकत्र जोडलेला टब बाजारात आला तो 1968 मध्ये. म्हणजे शेतकऱ्याच्या विहिरीतून पाणी वर काढणारं घराणं, त्यानंतर एका आजारी पोराचं दुखणं, आणि त्यानंतर आमचं रील.

आता कुणी म्हणेल, कोकणात पाण्याला काय तोटा? पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पडतो की. पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो, आणि जांभा दगड चाळणीसारखा असल्यामुळे तो झिरपून, ओढ्यावाटे वाहून समुद्राला मिळतो. मार्च सरला की वरच्या वाड्या टँकरची वाट बघू लागतात. किनाऱ्यावरचं गणित त्याहून नाजूक. पुळणीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय धरावी तसं. त्याचा ठोकताळा घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांच्या नावाने शंभरेक वर्षांपासून ओळखला जातो: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. उपसा करून वरचा एक फूट घालवला की कालांतराने खालून 40 फूट खारं वर सरकतं. बोअरचा पंप रात्रभर चालतो तेव्हा शेजारच्या विहिरीत नेमकं हेच होऊ लागतं. मचूळ हा शब्द मी लहानपणी आजोळी ऐकला होता, तेव्हा तो एखाद्या म्हाताऱ्या विहिरीचा स्वभाव वाटायचा. ही क्रिया आहे, आणि ती करणारं कुणीतरी असतं.

आजोळचं निघालंच आहे तर. आजीच्या न्हाणीत मे महिन्यात एक बादली मिळायची, तीही पूर्ण नाही. न्हाणीचं पाणी अळवाला, अळवाच्या पुढे केळीला. मला हे दिवस परत नकोत. अर्ध्या बादलीत केस धुणं ही काही संस्कृती नाही, ती अडचण आहे, आणि ती पोरीबाळींच्याच वाट्याला जास्त यायची. पण पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे त्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असायचं. कॉटेजमध्ये ते न कळू देणं हीच सर्व्हिस आहे.

मालकांची बाजू मी फोनवर ऐकली. पाणी वाया जात नाही, माडांना जातं, ते म्हणाले. जातं, मी पाहिलं. फेसासकट, क्लोरीनसकट, एकाच माडाच्या बुंध्यात, तासाभरात अकराशे लिटर. याला शिंपणं म्हणत नाहीत. दुसरं म्हणजे रोजगार. हा मुद्दा खरा आहे. काकूंना तिथे पगार मिळतो, दादांचा मुलगा त्यावर रत्नागिरीत शिकतोय. पण रोजगार खोल्यांमुळे आहे, माशांच्या थाळीमुळे आहे, सोलकढीमुळे आहे. टब काढला तर काकूंची नोकरी जात नाही, त्यांचं पुसायचं काम तेवढं कमी होतं.

आणि कायदा? 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेने भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी घातली होती. अपवाद स्थानिक वस्तीचा, तोही तिच्या स्वतःच्या वापरापुरता. म्हणजे गावाची तहान आणि पाहुण्याची चैन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी भाषेलासुद्धा कळलं होतं. 2019 च्या अधिसूचनेत स्थानिकांना होमस्टेची मुभा आहे: घराचं जोतं, रचना, दर्शनी भाग न बदलता. 'होम'मध्ये 'स्टे' करा, असा त्याचा साधा अर्थ. कुठल्या कोकणी घराच्या पडवीत अकराशे लिटरचा टब असतो?

सगळ्यात अवघड वाद मात्र मालकांशी झाला नाही, नवऱ्याशी झाला. दुसऱ्या रात्री मी हा वीस माणसांचा हिशोब त्याला टबात बसूनच सांगितला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तीन वर्षांनी दोन दिवस मिळाले. त्यातही तू लिटर मोजतेस." आणि आवाज चढवून म्हणाला, कारण तिथे चढवता येत होता. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात? आम्हाला टब नको होता. आम्हाला कडी लावता येईल असं दार हवं होतं. पण नुसत्या दाराची जाहिरात होत नाही, त्याचा फोटो निघत नाही, त्याचे रात्रीला तीन हजार जास्त घेता येत नाहीत. म्हणून एकांताला टब जोडला जातो, आणि आपण टबाचे पैसे देऊन एकांत घेतो. वर सुट्टी वाया गेली तर दोषी कोण, हिशोब मांडणारी बायको.

माझं मागणं फार नाही. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत टब कोरडे ठेवा. बाकीचे महिने भरायचेच असतील तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, आणि गाळून फिरवा. तेच तेच पाणी म्हणून आम्ही नाक मुरडू, मुरडू द्या. ग्रामपंचायतीने प्रत्येक कॉटेजच्या बोअरला मीटर बसवावा आणि आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. बुकिंगच्या पानावर वायफाय, पार्किंग लिहिता तसं पाणी कुठलं तेही लिहा. आणि आपण, म्हणजे मी आणि तुम्ही, फोनवर 'बाथटब' या फिल्टरवर टिक करण्याआधी महिना कुठला चालू आहे ते बघू.

निघायच्या दिवशी साडेदहाला दादांनी बूच काढलं. बॅगा भरेपर्यंत मी ते पाणी उतरताना बघत होते. दादा दोनदा फोनवर बोलले; पुढची पार्टी खेडपर्यंत आली होती. गाडीत बसल्यावर मी बुकिंगच्या पानावर जाऊन 'मालकांना विचारा'च्या चौकटीत लिहिलं: इथलं पाणी कुठून येतं?

माणगावच्या ट्रॅफिकमध्ये उत्तर आलं. सोबत हात जोडलेली इमोजी होती.

'24 तास गरम पाणी उपलब्ध.'