नव्या गाडीचा मनस्ताप

गेल्या दसऱ्याला मी नवी डिझेल गाडी घेतली. हार घातला, औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आलो, रुग्णालयात पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडीचा जोर गेला. मेकॅनिक म्हणाला, "धुराची गाळणी तुंबली साहेब. तुमची गाडी पळतच नाही." खरं होतं. घर ते रुग्णालय तीन किलोमीटर, तेवढंच परत. रोजचं चालवणं किती, हा साधा हिशेब मी गाडी घेताना केलाच नव्हता.

पुढचे काही आठवडे पहाटे तीनला जाग यायची आणि हप्त्याचे आकडे डोक्यात फिरायचे. घरात चिडचिड वाढली. रक्तदाब मोजला, तर १५०/९६. एका गाडीपायी एवढं? असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. खरी चूक तिथं झाली.

अपेक्षाभंग म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. अपेक्षित बक्षीस मिळालं नाही की मेंदूतल्या डोपामिन पेशी क्षणभर मंदावतात, हे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं. जेवढ्यास तेवढ्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त बोचतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. त्यात गाडी ही रोज दारात उभी असते. जखमेची खपली रोज निघते.

आपल्या भागात आणखी एक भर पडते. इथं गाडी एकट्याची नसते, ती बघायला गल्ली येते. "ॲव्हरेज किती देते?" असं कुणी विचारलं की आपण दोन-तीन किलोमीटर वाढवूनच सांगतो. एवढे पेढे वाटल्यावर फसल्यासारखं वाटतंय, हे सांगायचं कुणाला? ओपीडीत छातीत धडधड, झोप नाही अशी तक्रार घेऊन माणसं येतात. ईसीजी नॉर्मल असतो. दहा मिनिटं बोललं की हळदीच्या पट्टीवर घेतलेली गाडी निघते, नाहीतर कोरडी गेलेली बोअर.

मी शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दिसतच होतं मला." त्या रात्री झोप लागली. दुसऱ्या दिवशी कागदावर दोन रकाने केले. एकात गाडीचे दोष, दुसऱ्यात माझा चुकलेला अंदाज. दोष असेल तर तक्रार लेखी द्यावी, जॉब कार्ड जपून ठेवावं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगही आहे. माझ्या कागदावर मात्र दुसराच रकाना भरला.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल मोटारींना काजळी अडवणारी गाळणी आली. साठलेली काजळी जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. गावातल्या गावात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती मिळत नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते.

"गाळणीच काढून टाका," असा सल्ला मला एकानं दिला. ते नियमबाह्य तर आहेच, पण माझ्यासारख्याला ते शक्य नव्हतं. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसाच्या थेट तळापर्यंत जातात. सकाळी वॉर्डात लेकरांना नेब्युलायझर लावायचा आणि संध्याकाळी तीच काजळी रस्त्यावर सोडायची, हे पटलं नाही. जिनं मला छळलं, ती गाळणी कुणाचा तरी श्वास राखते आहे.

आता रुग्णालयात मी बहुतेक दिवस चालत जातो. गाडी आठवड्यातून एकदा नांदेड रस्त्याला नेतो. रक्तदाब उतरला आहे. पेट्रोल गाडी घेतली असती तर बरं झालं असतं, हे आजही वाटतं, पण त्यानं पहाटे जाग येत नाही.

ज्यांचं असं झालंय, त्यांनी रागाच्या भरात गाडी विकू नये. एवढा पैसा घातलाच आहे म्हणून आणखीही घालू नये. घरच्यांनी "आम्ही म्हटलंच होतं" हे वाक्य गिळावं. दोन आठवड्यांनंतरही झोप, भूक परतत नसेल, कामात मन लागत नसेल किंवा दारू वाढली असेल, तर सरकारी रुग्णालयात या. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

परवा शेजाऱ्यानं ॲव्हरेज विचारलं. मी खरा आकडा सांगितला. तो हसला आणि त्यानंही त्याच्या गाडीचा खरा आकडा सांगितला.