दंडावरची खूण

पन्नाशी उलटलेल्या वाचकांनी आपला दंड पाहावा. बहुतेकांच्या दंडावर देवी काढल्याची खूण सापडेल. माझ्या मुलीच्या दंडावर ती नाही, कारण आता तिची गरजच उरलेली नाही. आपल्या देशात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आढळला. लस टोचणारा गावात आला की मुलांना कणगीआड दडवीत, असे माझी आजी सांगे. देवीने गेलेली लेकरे तिने डोळ्यांनी पाहिली होती, तरीही ती सुईला भ्याली. तेव्हा ‘आजच्या पालकांनी रोग पाहिलेला नाही, म्हणून ते लस टाळतात’ हे स्पष्टीकरण मला पुरते पटत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम निघाली, तीही शाळाशाळांतून. निंबर्ग्यास लसीच्या आधी मोबाईलवरून अफवा पोचली : ही सुई घेतलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. वस्तुस्थिती नेमकी उलट. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला, तर पोटातल्या बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयाचे व्यंग येऊ शकते. ते टळावे म्हणूनच ही लस. पालकसभेत मी हे तावातावाने सांगितले. सगळे ऐकून घेतल्यावर मागे बसलेल्या एका आईने विचारले, “गुरुजी, तुमच्या लेकीला कधी टोचणार?”

“तिच्या शाळेत उद्याच आहे,” मी म्हणालो.

घरी आलो, तो सौ.ने निराळेच ठरवून ठेवलेले. “उद्या तिला शाळेत धाडायची नाही. एकुलती एक आहे. काही झालं तर तुमचं परिपत्रक काय कामाचं?” मला उत्तर सुचेना. रात्री आमच्या गल्लीतली आशाताई आली. ओट्यावर बसून तिने सांगितले की, तिच्या मुलाचे टोचल्यावर रात्री अंग तापले आणि दुसऱ्या दिवशी तो अंगणात हुंदडू लागला. सौ.ला पटले ते बहुधा त्या तापामुळेच. मी सभेत तापाचा उल्लेख मुद्दाम टाळला होता.

लेकीला टोचले. मग त्या आईला गाठून आमच्या घरची सगळी हकीकत मी सांगितली, तापासकट. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आली. धाकट्याला मात्र घरीच ठेवले होते.