उपचारानंतरचे मन

कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले की कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकते. रुग्णाची लढाई मात्र त्या दिवशी संपत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या छायेत राहणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको: भट्टी थांबली तरी तिच्या विटा दीर्घकाळ तप्त राहतात. मरोद्यासारख्या वसाहतीत उपचार घेऊन परतलेल्या व्यक्तीला शेजारी आपुलकीने विचारतात, “आता बऱ्या झालात ना?” तीही होकार देते. प्रत्यक्षात झोप उडालेली असते, थोड्या श्रमाने थकवा येतो आणि तपासणीची तारीख जवळ आली की साधी पाठदुखीही रोग उलटल्याची शंका निर्माण करते.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. या अवस्थेत सजगतेचा सराव, अर्थात माइंडफुलनेस, साहाय्यक ठरू शकतो. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बौद्ध ध्यानपरंपरेच्या आधारे काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. श्वास, शरीरातील संवेदना व मनात येणारे विचार यांकडे त्यांच्याशी न झगडता पाहावे, हे त्याचे सूत्र. भीती लगेच नाहीशी होत नाही. परंतु ती भीती आहे, निदान नव्हे, हे उमगू लागते. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये चिंता व नैराश्यासाठी, तर २०२४ मध्ये उपचारोत्तर थकव्यासाठी व्यायामाच्या जोडीने या पद्धतीची शिफारस केली.

मात्र मर्यादाही ओळखावयास हवी. ध्यानाने गाठ विरघळत नाही. औषधे व नियमित तपासण्या यांना ते पर्याय नव्हे. ‘मन खंबीर असते तर आजार झालाच नसता’ असे म्हणणे तर रुग्णावर अन्याय करणारे आहे. इगतपुरीचे १० दिवसांचे विपश्यना शिबिर मराठी घरांना परिचित आहे. पण ते आणि हा दैनंदिन सराव एक नव्हेत. नुकतेच उपचार संपलेल्यांनी शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

या सरावास महागडी यंत्रे लागत नाहीत. प्रशिक्षित मार्गदर्शक व एक शांत खोली पुरेशी असते. म्हणूनच, जेथे नियमित तपासणी होते त्या रुग्णालयातच ही सोय असावी. मरोद्याच्या रहिवाशाला त्यासाठी मुंबई गाठावी लागू नये. आणि कामावर परतलेल्या सहकाऱ्याचा थकवा आळस समजला जाऊ नये, एवढी सजगता तर आपण सर्वांनी बाळगावी.