पायवाट कुणाची, कीट कुणाचा?

सुटीत शहरातली पोरं आपल्या डोंगरात येतात. जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांचा कीट उचलतात, ‘नवी वाट शोधली’ म्हणतात. नवी कशाची? सुरजागडच्या ठाकुरदेवाच्या जत्रेला दरवर्षी आपली माणसं याच वाटांनी जातात.

आणि लोखंड काय कंपनीनेच शोधलं? जुन्या चांदा जिल्ह्यात मातीच्या लहान भट्टीत, लाकडी कोळशावर, भात्याने वारा घालून दगडातून लोखंड काढायचे. कुऱ्हाड, फाळ, बाणाचं टोक, लागेल तेवढंच. डोंगर जागेवर राहिला. २००७ ला त्याच सुरजागडावर सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला. (जुन्या भट्टीचे फोटो काढणारे या खाणीकडे मात्र पाठ करतात.)

येणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण १९९६ चा पेसा, २००६ चा वनहक्क कायदा सांगतो, जंगल आणि चालीरीती राखायचा अधिकार ग्रामसभेचा. मग ठराव घ्या: कोणती वाट उघडी, देवाची कोणती बंद. वाटाड्या गावातलाच, मजुरी आधी ठरवून. कीट गावाबाहेर जाणार नाही. तोंडी नको, रजिस्टरात लिहा, सह्या-अंगठे घ्या. दुसऱ्या कुणाचा फलक वाटेवर लागायच्या आधी.