दाण्याचं कूट



आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कशात नसतं? काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, भरली वांगी... आमच्या घरातून मात्र कुटाचा डबा पाच वर्षं हद्दपार होता. मुलगी चार वर्षांची असताना रक्ततपासणीत ‘पीनट पॉझिटिव्ह’ आलं. तिने तोवर दाणे खाल्लेही नव्हते. तेव्हापासून शाळेत वेगळं टेबल आणि मंडळाच्या कार्यक्रमाला वेगळा डबा. भारतातून आलेली आजी म्हणायची, "दाण्यानं कुणाला काही झाल्याचं आम्ही नाही बाई ऐकलं!" आम्ही काय बोलणार?

मागच्या वर्षी नव्या ॲलर्जिस्टने ‘कंपोनंट टेस्ट’ सुचवली. नेहमीच्या तपासणीत शेंगदाण्याचा अख्खा अर्क घेतात आणि त्याच्याविरुद्ध रक्तात ‘आयजीई’ आहे का ते पाहतात. (हे आयजीई १९६६ साली इशिझाका पती-पत्नींनी आपल्या डेन्व्हरमध्येच शोधलं, बरं का!) पण दाण्यात प्रथिनं अनेक. आता मंडळाच्या डिरेक्टरीत नुसतं ‘कुलकर्णी’ पाहून फोन लावता येतो का? कुठले कुलकर्णी ते कळायला हवं. नव्या तपासणीत नेमकं तेच कळतं.

त्यातलं ‘ॲरा एच २’ हे दाण्यात साठवलेलं प्रथिन चिवट. भाजलं तरी टिकतं, पोटातही सहज मोडत नाही. गंभीर रिॲक्शनमागे बहुधा ते असतं. ‘ॲरा एच ८’ मात्र बर्च झाडाच्या परागातल्या प्रथिनाचं चुलत भावंड. ते उष्णतेने आणि पचनात मोडतं, त्यामुळे बहुतेकांना फार तर तोंडाला खाज सुटते. आमच्या लेकीला दर एप्रिलमध्ये शिंका येतातच. तिचा २ निगेटिव्ह आला, ८ पॉझिटिव्ह!

तरी डॉक्टरांनी बजावलं, घरी प्रयोग करायचा नाही. त्यांच्याच देखरेखीखाली, इपिनेफ्रिन हाताशी ठेवून, तिला चाटण-चाटण करत पीनट बटर दिलं. आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो होतो. काही झालं नाही. लेक म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, याहून छान लागत असेल!"

पण गोष्ट इथे संपत नाही. आमच्या एका मित्राच्या मुलाने तीच तपासणी केली. त्याचा ‘ॲरा एच २’ बराच वर निघाला. त्याच्या दप्तरातली दोन इंजेक्शनं तशीच राहिली. आकडा मोठा म्हणजे ॲलर्जी खरी असण्याची शक्यता मोठी. रिॲक्शन किती जोराची येईल, ते आकडा सांगत नाही. आणि ती आलीच, तर बेनाड्रिलवर विसंबू नका. आधी इपिनेफ्रिन, मग ९११.

नव्या आईबाबांसाठी एक गोष्ट. २०१५ साली लंडनमध्ये ६४० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाण्यापासून दूर ठेवलेल्या मुलांत पाचव्या वर्षी १७.२ टक्क्यांना ॲलर्जी निघाली. लहानपणापासून दाण्याचे पदार्थ खाणाऱ्यांत ३.२ टक्क्यांना. २०१७ पासून इथलेही डॉक्टर लवकर सुरुवात करायला सांगतात. अख्खा दाणा नव्हे हं, तो घशात अडकतो! बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता संक्रांत. १ जानेवारी २०२३ पासून इथे पाकिटावर तिळाचा उल्लेख कायद्याने सक्तीचा आहे. तो नववा प्रमुख ॲलर्जन. आपल्या पॉटलकला कायदा नाही, पण एक चिठ्ठी तर लावता येईल? ‘दाणे आहेत’, ‘तीळ आहेत’, ‘काजू आहेत’, एवढंच. पाच वर्षं आम्ही प्रत्येक पातेल्यापाशी "यात कूट आहे का हो?" विचारत फिरलो. आता आम्हाला विचारावं लागत नाही. मित्राच्या बायकोला अजून लागतं.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि चिठ्ठी लावा!