‘सबमिट’चे बटण दाबल्यावर तुमच्या अर्जाचे पुढे काय होते?

पीकविमा असो, ठिबक संच असो की ट्रॅक्टरचलित अवजारांचे अनुदान, अर्ज आता ऑनलाइनच करावा लागतो. अर्ज भरताना आपण नाव, गट नंबर, खाते क्रमांक नीट पाहतो. पण ‘सबमिट’चे बटण दाबल्यानंतर अर्ज खरोखर पोहोचला का, हे मात्र अनेकदा पाहायचे राहून जाते. नुकसानभरपाईच्या वेळी ‘तुमचा अर्जच नाही’ असे उत्तर मिळाले, तर तोपर्यंत मुदत संपलेली असते.

नियम बदलले, अर्जाचे महत्त्व वाढले

राज्यात खरीप २०२३ पासून एक रुपयात पीकविमा सुरू झाला आणि त्या हंगामात सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. पुढे दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याचे प्रकारही उघड झाले. खरीप २०२५ पासून ही सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि नगदी पिकांसाठी ५ टक्क्यांपर्यंत आहे. सोबत शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) आणि ई-पीक पाहणी बंधनकारक झाली.

महाडीबीटीवरही २०२५ मध्ये बदल झाला. पूर्वी सोडतीत नाव निघायचे. आता जो आधी अर्ज करेल त्याला आधी प्राधान्य मिळते. म्हणजे तुम्ही अर्ज कधी भरायला बसलात याला महत्त्व नाही. सर्व्हरवर तो कधी नोंदला गेला याला आहे.

अर्ज दोन चाळण्यांतून जातो

पहिली चाळणी तुमच्या मोबाईलवर किंवा केंद्रातील संगणकावरच लागते. आधारचे १२ अंक आहेत का, एखादा रकाना रिकामा आहे का, एवढेच ती पाहते. लाल अक्षरांत लगेच येणारी सूचना बहुधा हिचीच असते.

दुसरी चाळणी सर्व्हरवर, म्हणजे दूर असलेल्या मुख्य संगणकावर लागते. बटण दाबल्यावर माहिती इंटरनेटवरून तिथे जाते. तिथला प्रोग्राम ती पुन्हा तपासतो, आधीच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि सारे जुळले तर अर्ज साठवतो. नोंद झाली की अर्ज क्रमांक किंवा पावती क्रमांक मिळतो. हा क्रमांक हाती येईपर्यंत अर्ज झाला असे समजू नका.

अर्ज कुठे अडकतो?

*शेवटच्या दिवसाची गर्दी.* सर्व्हर एका वेळी ठरावीकच अर्ज हाताळू शकतो. गर्दी वाढली की बाकीचे अर्ज ताटकळतात, वेळ संपते आणि पडद्यावर ५०३ किंवा ५०४ असा क्रमांक दिसतो किंवा चाक नुसते फिरत राहते. अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, अर्ज पोहोचलाच नाही. दुसरी, अर्ज नोंदला गेला, पण त्याचे उत्तर परत येताना वाटेत हरवले. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसते. म्हणून घाईने पुन्हा बटण दाबू नका. दुहेरी अर्ज होऊ शकतो किंवा पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. आधी अर्जाची स्थिती पाहा.

*मध्येच वेळ जाणे.* लॉगिन करून फॉर्म बराच वेळ तसाच उघडा ठेवला, तर सुरक्षेसाठी सर्व्हर तुम्हाला बाहेर काढतो. भरलेली माहिती जाते. कागदपत्रे आधीच स्कॅन करून ठेवा.

*बरोबर दिसणारी चूक.* सोयाबीनऐवजी तूर निवडली किंवा ०.४० ऐवजी ०.०४ हेक्टर लिहिले, तर अर्ज बिनबोभाट स्वीकारला जाऊ शकतो, कारण रकाना योग्य पद्धतीनेच भरलेला असतो. ही चूक पुढे ई-पीक पाहणीशी ताळा घेताना उघडी पडते आणि दावा अडकतो.

तुम्ही काय कराल?

- मुदतीच्या किमान आठवडाभर आधी अर्ज करा. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा सर्व्हरवर ताण कमी असतो.
- आधार, सातबारा आणि बँक पासबुकावरील नाव सारखे आहे का ते आधी पाहा. बँक खाते आधारला जोडलेले असावे.
- पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.
- सामूहिक सेवा केंद्रातून पावतीची छापील प्रत घेतल्याशिवाय उठू नका. पीक, क्षेत्र व गट नंबर तिथेच वाचा. विमा अर्जासाठी केंद्रचालकाला कंपनीकडून ४० रुपये मिळतात. तुम्ही फक्त विमा हप्ता द्यायचा असतो.
- दोन-तीन दिवसांनी पीकविमा पोर्टलवर पावती क्रमांक टाकून स्थिती पाहा. अर्ज सादर होणे आणि मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला असेल, तर मुदतीतच तो सुधारा. तक्रारीसाठी १४४४७ हा क्रमांक आहे.

यंत्रणेनेही बदलायला हवे

सर्व्हर बंद पडला की मुदतवाढ दिली जाते. त्याने त्या वेळेची अडचण सुटते, पण शेवटच्या दिवशीची गर्दी फक्त पुढे सरकते. ‘काहीतरी चूक झाली’ या सूचनेतून शेतकऱ्याला काहीच कळत नाही. ‘गट नंबर जुळत नाही’ किंवा ‘अर्ज नोंदला गेला आहे, पुन्हा भरू नका’ असे सरळ मराठीत लिहिले, तर निम्म्या फेऱ्या वाचतील. प्राधान्य वेळेवर ठरणार असेल, तर सर्व्हर बंद असल्यामुळे मागे पडलेल्या शेतकऱ्याचाही विचार व्हायला हवा.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील बैठकीत ‘अर्ज भरला का?’ असे न विचारता ‘पावती क्रमांक दाखवा’ असे म्हणावे. ज्यांच्याकडे तो नसेल, त्यांची यादी मुदत संपण्याआधी हाती येईल आणि चूक वेळेत सुधारता येईल.