मुकादम कुणाचा?

पुढारी विकला गेला, पुढारी विकला गेला. नाक्यावर ही बोंब रोजचीच. अरे पण बाजार मांडला कुणी? हरामखोर म्हटलं की आपण सुटलो, चहा प्यायला मोकळे.

दोस्तहो, पुढाऱ्याला पाहिजे खुर्ची. आणि पुन्हा तीच खुर्ची. सवर्ण पुढाऱ्यालाही तेच पाहिजे, त्यात नवल कसलं? गोदीत मुकादम आमच्यातलाच, जयंतीला आमच्या खांद्याला खांदा लावून नाचणारा. पण त्याला नेमतो ठेकेदार. म्हणून माणसं कामावर लावताना तो ठेकेदाराच्या तोंडाकडे बघतो. त्याची दानत तपासून काय उपयोग?

राखीव जागेचं हेच. २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. गांधी येरवड्यात उपोषणाला बसले आणि बाबासाहेबांच्या हातून स्वतंत्र मतदारसंघ गेला. बदल्यात प्रांतांतल्या जागा ७१ च्या १४८ झाल्या. जागा आमची, उमेदवार आमच्यातला, मतं मात्र सगळ्या गावाची. आणि गावात आम्ही किती? वेशीबाहेरची चार-दोन आळ्या. पोराला झाडाला बांधून मारलं की आमदारसाहेब सलोख्याची बैठक घेतात. घेणारच! मारणाऱ्यांची मतं जास्त आहेत.

१९५२ ला खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले, काँग्रेसचे काजरोळकर आले. १९५४ ला भंडाऱ्यात पुन्हा पराभव. जो वाकत नाही तो पडतो, हा धडा पुढच्यांनी बरोब्बर घोकला.

कुणी म्हणेल, १९९८ ला रिपब्लिकनचे चार खासदार खुल्या जागांवरून आले की! आले, काँग्रेसच्या युतीत. १९९९ ला मतदान लागलं तोवर एकीच्या चिंध्या. जागा वाटणारा दुसराच असला की प्रत्येकाला आपापला दरवाजा ठोठवावा लागतो, साला.

पुणे करारात एक कलम होतं. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार नावं निवडायची, मग त्या चारांतून सगळ्यांनी एक. मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. स्वातंत्र्यानंतर घटनेत ते आलं नाही. कायदा देत नसेल तर ते आपण वस्तीत सुरू करू. तिकिटासाठी बंगल्याच्या पायऱ्या झिजवण्याआधी उमेदवाराने विहारात यावं, खाली सतरंजीवर बसावं. अ‍ॅट्रॉसिटीची केस झाली तेव्हा पोलीस ठाण्यात कोण आलं होतं, हे बायाबापड्या विचारतील. ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याचा एकही बोर्ड आपल्या गल्लीत लागू द्यायचा नाही.